प्रभावळ

खांडबारा,
रविवार, ८ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप नवलकाकांस,
रंजिताचा सा. न. वि. वि.

काल शाळेत गणपती बसला. आज सुट्टी. सकाळपासून खोलीचं दार लावून बसले आहे आणि समोर एक पान आहे. तुरीचं.

पान गोवालदादांनी आणून दिलं. ते आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. बांधावरच्या तुरीत निंदणी करताना पानाच्या खालच्या बाजूला काही चिकटलेलं दिसलं, म्हणून डहाळी मोडून पिशवीत घालून आणली. बाई असल्या गोष्टी बघत बसतात एवढंच त्यांना माहीत आहे.

अंडी आहेत. शेतातला तो हिरवा किडा, चिरडला की हाताचा वास दोन दिवस जात नाही, त्याची. मोहरीच्या दाण्याहून लहान. दोन ओळींत लावलेली, चौदा. पुन्हा मोजली. डहाळीच्या दुसऱ्या पानावरही चौदाच होती. अंडी घालणारीला मोजायला कोणी शिकवलं असेल?

तुमची स्टुडिओतली लेन्स कॅमेऱ्यावर उलटी लावली. तीन वर्षांपूर्वी ती माझ्या हातात ठेवताना तुम्ही म्हणाला होता की सरळ लावली तर माणसं दिसतात, उलटी लावली तर मुंग्या. ती उलटी बसावी म्हणून नंदुरबारच्या फकीरभाईंनी खरादून दिलेलं पितळी कडं घामाने काळं पडलं आहे, पण आटे अजून घट्ट बसतात. तीन बोटांवर जावं लागतं. त्याहून लांब धूसर, त्याहून जवळ धूसर. श्वास घेतला की पान हलतं. म्हणून मी श्वास सोडते आणि परत घ्यायला विसरते.

मग दिसलं. प्रत्येक अंडं म्हणजे एक पिंप. वर गोल झाकण. झाकणाभोवती उजेडाचं कडं. चौदा पिंपं, चौदा कडी. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते तशी. सोबत प्रिंट पाठवते आहे. तुम्हाला मोबाइलवर दिसतं पण बघता येत नाही, हे लक्षात आहे.

गोवालदादांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले की आजवर अंगठ्याने चिरडत आलो, हे असं असतं हे कोणी बोललं नव्हतं. मग बाहेर जाऊन पायरीवर बसले.

आता दुसरी गोष्ट. लिहू की नको असं आठवडाभर चाललं आहे. नवापूरला जनावरांचे डॉक्टर आहेत, भाग्येश नावाचे. त्यांच्याकडे मॅक्रो लेन्स आहे. जवळचं बघायलाच बनवलेली. उलटी लावावी लागत नाही. आठ बोटांवरून बघते, किडा दचकत नाही. त्यांनी दहा मिनिटं ती माझ्या हातात दिली. मी कोळ्याचा एक पाय पाहिला आणि लेन्स परत केली. जास्त वेळ ठेवली असती तर दिली नसती.

तशी एक घ्यावी का? पैशाचं जमतं आहे, ते विचारू नका. मला तुमचं मत हवं. नको म्हणालात तर विषय संपला.

काकूला नमस्कार. कानाचं यंत्र लावत जा, नाहीतर पत्र लिहीत जा. मला विचाराल तर दुसरं. माया आहे तशीच राहू द्यावी.

आपली,
रंजिता


शहादा,
१६ सप्टेंबर २०२४

चि. रंजितास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र शुक्रवारी मिळालं. पोस्टमन करणसिंग हल्ली सायकलची घंटी वाजवत नाही. उपयोग नाही हे त्याला कळलं आहे. फाटकात उभा राहून हात हलवतो, होडी सुटल्यासारखा.

यंत्र लावलं होतं. त्यात शिट्टी ऐकू येते आणि तुझी काकू ऐकू येते. दोन्ही आठवडाभर ऐकलं. यंत्र काढलं.

प्रिंट भिंगाखाली धरलं. झाकणांच्या कडेवर फोकस बरोबर आहे. डावीकडची दोन सुटली. पान तिरपं होतं आणि तू कॅमेरा सरळ धरलास. उजेड मागून घेतलास ते चांगलं केलंस. नेहमीप्रमाणे मागे शिक्का मारला. नवल फोटो, शहादा. पॅडची शाई आटली आहे, जोर द्यावा लागतो.

पुढचं ऐक. शिक्का वाळायला प्रिंट खिडकीत ठेवलं होतं. तिथून नाहीसं झालं. संध्याकाळी देव्हाऱ्यात सापडलं, अन्नपूर्णेच्या मागे उभं केलेलं, कडेला हळदकुंकवाचं बोट. मी काकूला सांगितलं की ही किड्याची अंडी आहेत. ती म्हणे, चौदा शेतस ना, चौदा रत्नं ऱ्हातस. मी म्हटलं किड्याची. ती म्हणे, प्रभावळ दिसस ना तुमले, मंग? आमच्या घरी रोज संध्याकाळी किड्याच्या अंड्यांना निरांजन ओवाळलं जातं. शेजारणी येऊन बघून गेल्या. एकीने विचारलं की हा कुठला देव. काकू म्हणाली, खांडबाराना.

नव्या लेन्सचं. मत विचारलंस म्हणून लिहितो. नको.

आठ बोटांवरून बघणं म्हणजे रस्त्यापलीकडून बघणं. मी पस्तीस वर्षं नवऱ्यामुलींचे फोटो काढले. लांबच्या लेन्सने एकीचाही काढला नाही. जवळ गेलं की पोरगी आधी बावरते, मग विसरते. विसरते तो फोटो. किड्यालाही तेवढा वेळ द्यावा. तीन बोटं हे अंतर बरोबर आहे.

शिवाय नव्या लेन्सला सगळं आपोआप येतं म्हणतात. मग तू पत्रात मला विचारणार काय?

खंडेनवमीला ये. लेन्स घेऊन ये. तिची पूजा एकाही वर्षी चुकली नाही.

आम्ही दोघं ठीक. गुडघे तेवढे स्वतंत्र विचाराचे झाले आहेत. लोभ आहे तेवढा पुरे, पत्रं वाढव.

तुझा,
नवलकाका


खांडबारा,
१ ऑक्टोबर २०२४

प्रिय काजल,
सप्रेम न. वि. वि.

हो, पत्र. फोनवर लिहिलं असतं तर अर्धं वाचून तू हसरं तोंड पाठवलं असतंस. हे बसून वाच. तुझ्या बाबांचा विषय आहे.

तुझ्या आईने देव्हाऱ्यात बसवलेला माझा फोटो तुला माहीत आहे. तोच मी पुण्याच्या एका कीटकशास्त्राच्या बाईंना पाठवला होता. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. चित्र सुंदर आहे. ती प्रभावळ अंड्याला आहे की तुमच्या लेन्सला?

मला राग आला. मग मी शिवणाची सुई पानाच्या जागी ठेवली आणि फोटो काढला. सुईला प्रभावळ होती. साखरेच्या दाण्याला होती. वाटीच्या काठाला होती. त्या दिवशी माझ्या खोलीतल्या सगळ्या वस्तू देव झाल्या.

लेन्स काढून खिडकीशी गेले आणि मागून टॉर्च धरला. आतल्या काचेवर पांढऱ्या तंतूंचं जाळं आहे. बुरशी. कडेपासून मध्यापर्यंत. मी तीन वर्षं ती लेन्स कोरड्या डब्यात ठेवते, ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून. म्हणजे आली तेव्हाच आत असणार. मी एकदाही आत पाहिलं नाही. बघायची वस्तू आहे, तिच्यातून बघायचं, तिच्यात काय बघायचं असं वाटलं असेल.

रविवारी नंदुरबारला जाऊन फकीरभाईंना दाखवली. त्यांनी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून पाहिलं, पण हत्यार उचललं नाही. म्हणाले, बेटी, काच आणि हे आता एकच झालं आहे. हे काढायला जाईन तर काचेचं पाणी जाईल.

तेव्हा नवी लेन्स घ्यावी की नाही हा प्रश्न राहिलाच नाही. खरं बघायचं असेल तर घ्यायला हवी. पण काकांनी नको लिहिलं आहे. कारण दिलं आहे नवरीचं आणि किड्याचं. खरं कारण पुढच्या ओळीत आहे, की मग तू मला विचारणार काय. स्टुडिओतलं बाकी सगळं गेलं. ही एकच वस्तू अजून कामावर जाते. तिच्या प्रत्येक प्रिंटमागे ते शिक्का मारतात. मी ती ठेवून दिली तर ते शिक्काही ठेवून देतील, आणि मग त्या घरात त्यांच्याशी कोण बोलणार? ऐकू तर येत नाही.

आणि तुझ्या आईच्या देव्हाऱ्यात आपण बुरशी बसवली आहे.

नवमी दहा दिवसांवर आली. मी लेन्स घेऊन तिकडे जाणार आहे. काय सांगू, कसं सांगू, ते कळव. तुझी आठवण येते, फक्त कामाच्या वेळी असं म्हणू नकोस.

तुझी,
रंजिता


सुरत,
५ ऑक्टोबर २०२४

रंजे,
स. न. आणि एक चापट. वि. वि.

पत्र वॉर्डात वाचलं. सगळ्या पेशंटना वाटलं की मला प्रेमपत्र आलं. एका आजोबांनी तर मला शुभेच्छा दिल्या.

बुरशी कुठून आली ते मला माहीत आहे.

स्टुडिओ बंद झाला तेव्हापासून तू लेन्स नेलीस तोपर्यंत बारा वर्षं झाली. तेवढ्या काळात ती चामड्याची पेटी वर्षातून एकदाच उघडली, खंडेनवमीला. लेन्स पाटावर ठेवायची. आई झेंडूचं फूल तांब्यात बुडवून पाणी शिंपडायची. कुंकू ओलं करून कडेला बोट लावायची, दरवर्षी त्याच जागी. मग तेच ओलं फूल लेन्सशेजारी ठेवून बाबा पेटी बंद करायचे. पुढच्या नवमीपर्यंत उघडायची नाही. फूल काढलं तर पूजा मोडते म्हणे. तू पेटी नेलीस तेव्हा तिच्यात वाळकं फूल होतं की नाही, आठव.

मी नर्स आहे. ओलावा, अंधार, चामडं आणि फूल. बुरशी वाढवायला आमच्या लॅबमध्येही याहून चांगली सोय नाही. आमच्या घराने ती बारा वर्षं वाढवली. हात जोडून.

म्हणजे ज्या प्रभावळीला आई आज निरांजन ओवाळते ती तिनेच लावलेली आहे. हे मला ड्युटीवर सुचलं आणि मी पाच मिनिटं औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. हसत होते की काय करत होते, सांगता येणार नाही.

बाबांना सांग. बाबा ऐकतील, म्हणजे वाचतील. आईला कोणी सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी सुरतेत आहे आणि सुरतेतच बरी आहे.

माया असू दे. यापुढे फोन कर. बरं, पत्रच पाठव.

काजल


शहादा,
१५ ऑक्टोबर २०२४

चि. रंजितास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नवमीला आलीस, दोन दिवस राहिलीस, बरं वाटलं. बसमध्ये चढताना दारातून काही म्हणालीस. ओठ वाचायच्या आत बस सुटली.

पाटावर लेन्स ठेवलीस तेव्हा तुझा हात तिच्यावर थांबला. काकूने तांब्यात फूल बुडवलं, तोच तू लेन्सवर रुमाल टाकलास. धूळ बसते म्हणालीस म्हणे. काकूने रुमालावर पाणी शिंपडलं. रुमाल पावन झाला. मला ऐकू येत नाही, रंजिता. त्यामुळे दिसतं फार.

तू सांगितलं नाहीस. मीही नाही. आपण दोघं दोन दिवस पुरणपोळी खात बसलो. आता लिहितो.

पहिल्या वर्षी तू मुंगीचं प्रिंट पाठवलंस तेव्हाच मी पाहिलं होतं. तिच्या डोळ्याच्या कडेला दूध सांडल्यासारखं होतं. उजेडाभोवती असं तेज दिसलं की फोटोग्राफर आधी लेन्स पुसतो, मग देव म्हणतो. मी तुला पुसायला सांगितलं नाही. आतलं पुसता येत नसतं.

पेटी मीच बंद करत होतो. दरवर्षी मनात यायचं की फूल ओलं आहे, वाळू द्यावं. पण जिने पस्तीस वर्षं मला हातात घेऊन गावोगाव फिरवलं तिच्या अंगावरचं फूल काढायला हात व्हायचा नाही. धंद्यातल्या माणसाने अशी चूक करू नये. केली. बारा वेळा केली.

गप्प राहिलो त्याचं कारण लाजेचं आहे. सांगितलं असतं तर तू लेन्स परत पेटीत ठेवली असतीस. प्रिंट आलं नसतं. डावीकडची दोन सुटली, हे कोणाला लिहिणार होतो? करणसिंगचा हलणारा हात तेवढा राहिला असता.

आणखी एक, मग पुरे. ते तेज खोटं आहे हे मला माहीत असायचं, आणि तरी मी प्रत्येक प्रिंट भिंगाखाली तासभर धरायचो. एवढ्या नवऱ्यामुली पाहिल्या, एकीच्याही कपाळाला मला ते देता आलं नव्हतं. मुंगीला मिळालं.

नवी लेन्स घे. मागच्या पत्रातलं नको हे माझं होतं, त्यात लेन्सचं हित नव्हतं.

माझं एक मागणं आहे. नव्या लेन्सने पहिला फोटो काढशील तो जुनीचा काढ. बाहेरून नको. आत जे आहे त्याचा. तीन बोटांवरून आत पोचता येत नाही, आठ बोटांवरून येईल असा माझा हिशेब आहे. आम्ही काय वाढवलं ते मला बघायचं आहे.

काकूला मी सांगेन. एवढ्यात नाही.

राग आला असेल तर तोही पत्राने पाठव. इकडे सगळं पोचतं.

तुझा,
नवलकाका


खांडबारा,
रविवार, १९ जानेवारी २०२५

तीर्थरूप काकांस,
सा. न. वि. वि.

राग आला होता. दोन दिवस. पाठवण्याएवढा उरला नाही.

लेन्स गुरुवारी आली. शनिवारपर्यंत खोक्यातून काढली नाही. काल शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत पडदे ओढले. तुमची लेन्स टेबलावर उभी केली, दोन्ही झाकणं काढून. गोवालदादांनी मागून टॉर्च धरला. नवी लेन्स आठ बोटांवर आणली आणि हळूहळू आत गेले. आधी पहिल्या काचेवरची धूळ. मग काही नाही. मग अंधार. मग ती.

कशी लिहू? प्रिंट सोबत आहे, तरी लिहिते.

कडेला एका जागी ती दाट आहे. बोटाएवढी जागा. काजल म्हणते की काकू कुंकू लावायची ती तीच असणार. तिथून एक खोड निघतं. खोडाला फांद्या, फांदीला फांद्या. सातवीच्या मुलांना मी तापीचा नकाशा शिकवते: गोमाई इथे मिळते, शिवण इथे, पांझरा इथे. तसं, पण उलटं वाहणारं. एका नदीतून सगळ्या नद्या निघालेल्या. टोकाला त्या इतक्या बारीक होतात की कुठे संपल्या ते सांगता येत नाही. दोन फांद्या समोरासमोर आल्या की न भेटता दोघी वळतात. सगळीकडे तेवढंच अंतर राखून. अंधारात, कोणी बघत नसताना.

गोवालदादांचा हात भरून आला असणार. टॉर्च हलला नाही. ते म्हणाले, डोंगर उतरल्यावर मागे वळून रान बघावं तसं दिसतं. मी त्यांना सांगितलं की ही बुरशी आहे. ते म्हणाले, असेल, पण हे काम कोणीतरी मन लावून केलं आहे.

मग मी आणखी एक गोष्ट केली. सप्टेंबरातलं तुरीचं पान मी वहीत ठेवलं होतं. पिल्लं गेली, पिंपं रिकामी, पण अजून ओळीत उभी आहेत. त्यांचा फोटो काढला. प्रभावळ नव्हती. मला माहीत होतं की नसेल, तरी पुन्हा एकदा काढला.

मग नीट पाहिलं. झाकणाच्या कडेवर बारीक पांढऱ्या दांड्या उभ्या आहेत. प्रत्येकीच्या टोकाला घुंडी. एका झाकणाभोवती एकोणतीस. आपल्या लेन्सने त्या सगळ्या वितळवून एक कडं केलं होतं. उजेड बुरशीचा होता, पण तो ज्या जागी पडला होता तिथे खरंच काही होतं. पुस्तक उघडलं. त्या दांड्या पोकळ असतात. आतलं पिल्लू त्यांतून श्वास घेतं.

तुरीच्या पानासमोर मी श्वास रोखून बसले होते, काका. समोर चौदाजणांचा चालू होता.

पुण्याच्या बाईंना दोन्ही फोटो पाठवले. काकूला अजून सांगितलं नसेल तर घाई नको.

एक अडचण आहे. आठ बोटांवरून उजेड कुठून घ्यावा ते कळत नाही. तीन बोटांवर माझीच सावली उपयोगाला यायची. आता सगळं सपाट दिसतं. दोन प्रिंटं त्यासाठी वेगळी पाठवली आहेत, वाईट आहेत. चुका सविस्तर लिहा. माझ्यावरचा लोभ कडक असू द्यावा.

आपली,
रंजिता


शहादा,
३ ऑक्टोबर २०२५

चि. रंजितास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जानेवारीपासून मी तुला उजेडाबद्दल अकरा पत्रं लिहिली. पांढरा कागद कुठे धरायचा, टॉर्चवर पातळ कापड का घालायचं, सगळं. त्या एका प्रिंटबद्दल मात्र काही लिहिलं नाही. तूही विचारलं नाहीस, हे बरं केलंस. आता लिहितो.

ते प्रिंट आलं तेव्हा भिंग घेतलं आणि बाजूला ठेवलं. त्याची गरज नव्हती. मी त्या काचेतून पस्तीस वर्षं बाहेर बघितलं. मी पेटी बंद करायचो आणि म्हणायचो, झालं, ती आता निजली. ती निजली नव्हती. वर्षातून चार थेंब पाणी आणि एक फूल, एवढ्यावर तिच्यात हे चाललं होतं. मी पलीकडच्या खोलीत जेवत होतो, पेपर वाचत होतो, आता आपल्या हातून काही होणार नाही असं म्हणत होतो.

शिक्का हातात घेतला होता. मारला नाही. ज्याचा फोटो काढला आहे त्याने मागे शिक्का मारायचा नसतो.

परवा नवमी झाली. तुला प्रशिक्षणामुळे येता आलं नाही, पण दोन्ही लेन्स आल्या. काजलने सांगितलं की खांडबारा स्टेशनवर तू खिडकीतून पिशवी दिलीस आणि गाडीबरोबर पळत सूचना दिल्यास. तिला निम्म्या ऐकू आल्या. कानाचं आमच्या घराण्यातच आहे.

मी ठरवलं होतं की पूजेच्या आधी काकूला सांगायचं. पाट मांडल्यावर कपाटातून ते प्रिंट काढून तिच्यासमोर ठेवलं. तिने विचारलं, हाई कोनतं झाड शे. मी सगळं सांगितलं. फूल, पाणी, कुंकवाचं बोट, पेटी. देव्हाऱ्यातल्या अंड्यांची प्रभावळ म्हणजे हीच. काजल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पुढच्या गाडीने सुरतेला परत जाण्याच्या तयारीने.

काकूने ते मांडीवर घेतलं. प्रिंटवरून बोट फिरवत राहिली, खोडापासून टोकापर्यंत, एकेका फांदीवरून. मग काजलकडे बघून विचारलं, जित्तं शे का? काजल म्हणाली की असेल, आतून कोरडी पडली असेल, पण मेली नसावी. काकू म्हणाली, मंग पानी नही देवानं का येले?

काजलने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसला.

तिने फूल तांब्यात बुडवलं. जुन्या लेन्सवर शिंपडलं, नेहमीसारखं, कडेला बोट लावलं त्याच जागी. मला म्हणाली, पेटी आणा. गेल्या नवमीला तू पेटी इथेच ठेवून गेली होतीस ते एका अर्थी चांगलं झालं. तिने ओलं फूल आत ठेवलं आणि झाकण स्वतः बंद केलं. या वेळी मला दिलं नाही.

मग नवी लेन्स. तेच केलं असतं तर मी तिचं मनगट धरणार होतो. तिने दुसरं फूल घेतलं, पाण्यात बुडवून तांब्याच्या काठावर निथळलं, आणि लेन्सच्या तोंडाशी नेलं. तिथे थांबली. शिंपडलं नाही, टेकवलं नाही. फूल तसंच धरलं. तिचा श्वास थांबलेला मला दिसला. काचेत पिवळं उतरलं होतं, पूर्ण, पाकळीन् पाकळी.

मी पस्तीस वर्षांच्या सवयीने अंतर पाहिलं. तीन बोटं. तिला कोणी सांगितलेलं नाही.

अंड्यांचा फोटो देव्हाऱ्यातून काढू का, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, ऱ्हावू द्या. शेजारी बुरशीचाही ठेवला आहे. शेजारणी विचारतात. ती म्हणते, घरना शे.

लेन्स काजलच्या हाती परत येईल, तिच्यावर पाण्याचा थेंब नाही. जुनी इथे आहे. पुढच्या नवमीला पेटी उघडू तेव्हा तू समोर हवीस, किती वाढली ते बघायला.

तोवर प्रिंटं पाठव. परवाच्या फुलपाखराच्या अंड्यात उजेड अजून वरूनच येतो आहे, कागद खाली धर. तुझ्या-आमच्या लोभाला लांबचं दिसत नाही. तीन बोटांहून लांब जाऊ नकोस.

तुझा,
नवलकाका